जाळे कापल्याची भरपाई: कांदळवन कक्षाच्या योजनेचे एक परीक्षण

मासेमारी नौकेच्या डेकवर मासळीसोबत जे अनाहूत जीव येऊन पडतात, त्यांची नोंद सहसा कोणत्याही वहीत होत नाही. जाळे रिकामे केल्यावर कोळंबीच्या ढिगातून ऑलिव्ह रिडले कासव बाहेर येते, रात्रीच्या वेळी एखादा समुद्रसाप खलाशाच्या पायांजवळून सरपटत जातो, आणि क्वचित एखादा करवत मासा आपली दातेरी करवत जाळ्याच्या आसांत अशी गुंतवून घेतो की जाळे कापल्यावाचून त्याची आणि नौकेचीही सुटका होत नाही. यांपैकी कासव आणि करवत मासा बाजारात नेता येत नाहीत, त्यांना मारणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि त्यांना सोडवण्यात जो वेळ व जे जाळे जाते ते नौकेच्या मालकाच्या खात्यावर पडते. हा भार थोडा हलका करण्यासाठी महाराष्ट्र राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना सुरू केली. संरक्षित सागरी प्राण्याला सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर नुकसानीच्या प्रमाणात कमाल २५,००० रुपये भरपाई मिळते.

मच्छीमार सोसायटीच्या कागदपत्रांचे काम पाहताना या योजनेचे अर्ज माझ्या हातांखालून गेले आहेत, आणि अर्ज भरून घेताना तांडेल (समुद्रावर नौका चालवणारा प्रमुख) व खलाशी जे सांगतात, पण अर्जाच्या रकान्यांत ज्याला जागा नसते, तेही ऐकले आहे. एखाद्या दुकानाचे किंवा यंत्राचे परीक्षण करावे तसे शासकीय योजनेचेही करायला हरकत नसावी, कारण तीही शेवटी एक सेवाच आहे आणि तिचे ग्राहक ठरलेले आहेत. माझ्या मते ही योजना पाचपैकी साडेतीन गुणांची आहे, आणि तिचा सर्वांत मोठा गुण २५,००० रुपये हा नाही.

तो गुण समजण्यासाठी आधीची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या इतकी व्यापक आहे की प्राणी पकडणे, सापळ्यात अडकवणे हेही तिच्यात येते. कासव किंवा व्हेल शार्क पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत असल्यामुळे शिक्षा तीन ते सात वर्षांची. समुद्रात जाळे टाकणाऱ्या माणसाला ‘आम्ही त्याला पकडायला गेलोच नव्हतो’ हे न्यायालयात सिद्ध करत बसण्याची इच्छा नसते, आणि म्हणून कासव डेकवर आले की तांडेलाची पहिली आज्ञा मोबाइल खिशात ठेवण्याची असे. प्राणी जिवंत असो, अर्धमेला असो की मेलेला, त्याला शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितक्या गुपचूप पाण्यात ढकलायचे, बंदरावर परतल्यावर त्याविषयी कोणीही बोलायचे नाही, असा अलिखित नियम होता. योजनेने हा नियम उलटा केला. भरपाईसाठी प्राण्याला सोडल्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत लागते. म्हणजे जो पुरावा काल अंगलट येईल असे वाटत होते, तोच आज अर्जाला जोडायचा असतो, आणि तो जोडणाऱ्याकडे वन विभाग संशयाने न पाहता सहकारी म्हणून पाहतो. वन कर्मचारी आणि मच्छीमार यांच्यातील जुना अविश्वास कमी करण्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय शासनाला सापडला नसता.

योगायोग असा, की २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यासाठी किमान दंडही १०,००० वरून २५,००० रुपये झाला आहे. सोडवल्यास कमाल तेवढेच, मारल्यास किमान तेवढेच, आणि वर तुरुंगवास. एका तांडेलाला हे सांगितले तेव्हा त्याने एकदम हिशेब केला आणि म्हणाला, ‘म्हणजे सोडणेच परवडते.’ कायद्याचा एवढा नेमका सारांश मी सरकारी परिपत्रकात वाचलेला नाही.

आता पैशांविषयी. जाळ्याचा जो भाग कापला गेला त्याची डागडुजी करण्यापुरती ही रक्कम बऱ्याच वेळा पुरेशी ठरते. साध्या गिलनेटला, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या सोडलेल्या जाळ्याला, पडलेले भोक विणून भरता येते, त्यासाठी सूत आणि विणणाऱ्याची मजुरी एवढाच खर्च येतो. माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्याची गोष्ट वेगळी आहे. ते काही लाखांचे असते, त्याच्या मधोमध मोठा काप गेला तर पुढचे काही दिवस नौका धक्क्याला बांधून ठेवावी लागते, आणि त्या दिवसांचे उत्पन्न बुडते त्याची भरपाई योजनेत नाही. डिझेल आणि बर्फ भरून निघालेली नौका जाळे फाटल्यामुळे अर्ध्यावरून परतली, तर तोही खर्च मालकाचाच. योजनेचे नाव आणि हेतू पाहता हे अपेक्षितच आहे, आणि बुडालेल्या उत्पन्नाचा अंदाज करण्याच्या भानगडीत शासन पडले नाही हे कदाचित शहाणपणाचेच झाले, कारण तसा अंदाज काढण्यावरूनच वर्षे गेली असती. मात्र २५,००० ही मर्यादा २०१८ ची आहे, आणि नायलॉनचे भाव २०१८ चे राहिलेले नाहीत.

अर्जाची पद्धत मला अवघड वाटत नाही. नौकेची नोंदणी, मासेमारीचा परवाना, सोडवल्याची छायाचित्रे आणि जाळ्याच्या नुकसानीचा तपशील एवढे नीट असले की अर्ज उभा राहतो. अडचण येते ती समुद्रावर. जाळे ओढले जाते तेव्हा पहाट झालेली नसते, डेकवरचा दिवा पिवळा आणि हलता असतो, हात खारे व ओले असतात, आणि मोबाइल केबिनमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. अशा स्थितीत घेतलेल्या छायाचित्रात कासव ओळखू येते, पण जाळे कोणाचे आणि नौका कोणती हे दिसत नाही. म्हणून नौकेचा नोंदणी क्रमांक चौकटीत येईल असे किमान एक छायाचित्र, प्राणी जाळ्यात असतानाचे एक आणि पाण्यात जातानाची छोटी चित्रफीत घ्यावी, एवढे मी सर्वांना सांगतो. गुजरातमध्ये व्हेल शार्क वाचवण्याची मोहीम २००४ च्या सुमारास ‘व्हाली दीकरी’ या भावनिक नावाने उभी राहिली, तेव्हा काही वर्षांनी तेथील मच्छीमारांना पाण्यात चालणारे कॅमेरेच देण्यात आले, जेणेकरून अधिकारी समुद्रात येण्याची वाट न पाहता मच्छीमाराने स्वतःच नोंद करून माशाला मोकळे करावे. आपल्याकडे प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे म्हणून कॅमेऱ्याची गरज नाही असे म्हणता येईल, पण किमान एक पाणी न शिरणारे पाकीट प्रत्येक नोंदणीकृत नौकेला दिले, तर त्याचा खर्च एका भरपाईच्या रकमेपुढे काहीच नाही.

व्हेल शार्कच्या बाबतीत ही योजना सर्वांत चोख चालते. बारा मीटरपर्यंत आणि त्याहूनही अधिक वाढणारा हा मासा डेकवर येण्याचा प्रश्नच नसतो. तो नौकेच्या बाजूला पाण्यात जाळ्यासकट गुरफटलेला असतो आणि जाळे कापणे हाच एकमेव मार्ग असतो. त्याच्या शेपटीला दोर बांधून ओढू नये, तोंडाच्या आणि कल्ल्यांच्या बाजूचे जाळे आधी कापावे, म्हणजे त्याला पुढे पोहता येईल आणि श्वास घेता येईल, एवढे कळले की काम भागते. येथे जाळे, सुरी आणि प्राणी यांचा संबंध सरळ आहे, आणि योजना नेमकी याच संबंधावर बेतलेली आहे.

डेकवर येणाऱ्या कासवाचा संबंध तसा सरळ नाही, आणि माझा बहुतेक दीड गुण येथे जातो. ऑलिव्ह रिडले कासव फुप्फुसांनी श्वास घेते. नौकेमागे ओढत न्यायच्या ट्रॉलच्या जाळ्यात ते ओढणीच्या सुरुवातीला सापडले, तर जाळे वर येईपर्यंत त्याला पृष्ठभागावर येता येत नाही, आणि डेकवर पडते तेव्हा ते अनेकदा हालचाल न करणारे, डोळ्यांना स्पर्श केला तरी प्रतिसाद न देणारे असते. खलाशी ते मेले असे समजतात. पण अशी बरीच कासवे बेशुद्ध असतात, आणि त्यांना त्याच अवस्थेत पाण्यात टाकले तर ती खरोखर बुडून मरतात. जगभर पाळली जाणारी रीत अशी आहे की त्याला पोटावर, म्हणजे सरळ ठेवावे, मागचा भाग सुमारे १५ सेंटिमीटर उंच राहील असे काही खाली सरकवावे, सावलीत ठेवून अंगावर ओले फडके टाकावे, नाकपुड्यांवर मात्र पाणी पडू देऊ नये, आणि गरज पडल्यास ४ ते २४ तास वाट पाहावी. उलटे करून छातीवर दाब देणे किंवा पाणी मारून जागे करण्याचा प्रयत्न करणे हे दोन्ही उपाय डेकवर हमखास सुचतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. शुद्धीवर आल्यावर इंजिन न्यूट्रलला आणून, जाळी नसलेल्या बाजूने, उंचावरून न फेकता त्याला पाण्यात सोडायचे.

योजना काय मागते? सोडल्याचे छायाचित्र. यात कोठेही ‘लगेच’ असे लिहिलेले नाही हे मान्य, परंतु डेकवरच्या माणसाच्या मनात तो शब्द आपोआप बसतो. छायाचित्र निघाले की काम झाले, पैसे निश्चित झाले, आणि पुन्हा जाळे टाकायला नौका मोकळी झाली. चाळीस किलोच्या आसपासचे निश्चल कासव मासळी निवडायच्या जागेत दिवसभर सांभाळून ठेवण्यासाठी योजनेत एकही पैसा नाही आणि कौतुकाची एक ओळही नाही. शिवाय ते कासव जाळे न कापताच, जाळ्याची शेवटची पिशवी, म्हणजे खोळ, रिकामी करताना सहज बाहेर पडले असेल, तर जाळ्याचे नुकसान नाही म्हणून भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे ज्या प्रसंगी खलाशाची काळजी आणि वेळ सर्वाधिक लागतो, त्याच प्रसंगी योजना हात वर करते. अर्जात प्राणी किती वेळ नौकेवर होता आणि सोडताना तो कोणत्या अवस्थेत होता, असे दोन रकाने वाढवले तरी पुष्कळ फरक पडेल, कारण रकाना आला की त्याविषयी विचारले जाते, आणि विचारले जाणार हे ठाऊक असले की लक्ष दिले जाते.

जखमी कासवांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. परांवर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांवर, खोल जखम असलेले किंवा तोंडात गळ अडकलेले कासव छायाचित्र काढून पाण्यात सोडणे म्हणजे अर्जापुरते वाचवणे होय. त्याला किनाऱ्यावर आणून वन विभागाच्या ताब्यात द्यायला हवे. डहाणूला समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे आणि तेथील काम चांगले आहे, पण वेंगुर्ल्याच्या नौकेला डहाणू म्हणजे राज्याच्या किनाऱ्याचे दुसरे टोक. मधल्या जिल्ह्यांतल्या मच्छीमाराला जखमी कासव कोठे द्यायचे हे भरपाईच्या माहितीसोबतच कळले पाहिजे. तसेच परावर धातूची खूण किंवा पाठीवर उपग्रह यंत्र असलेले कासव आले तर काय करायचे, हेही. २०२२ मध्ये कोकणच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा ऑलिव्ह रिडले कासवांना उपग्रह यंत्रे बसवण्यात आली, वेळासची ‘प्रथमा’ त्यांतलीच, आणि पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत गेली. अशा कासवाच्या पाठीवरचे यंत्र ‘कोणीतरी हरवलेले’ समजून काढून घेण्याचा मोह एखाद्या नवख्या खलाशाला झाला, तर त्याला दोष देता येणार नाही.

खलाशांचा विषय निघालाच आहे, तर योजनेतील आणखी एक पेच सांगितला पाहिजे. जाळे नाखवाचे, म्हणजे नौकेच्या मालकाचे, असते, म्हणून भरपाई नाखवाच्या खात्यात जाते. हे न्याय्य आहे. पण जाळे कापायचे की नाही हा निर्णय तांडेल घेतो, आणि चवताळलेल्या करवत माशाच्या करवतीजवळ हात घालून ते कापतो तो खलाशी. पगारावर असो की वाट्यावर, त्याला या कामाचे वेगळे काही मिळत नाही. चांगला नाखवा स्वतःहून काही देतो, बाकीचे देत नाहीत. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळमधून आलेले पुष्कळ खलाशी आहेत, आणि त्यांच्यापर्यंत मराठीतून सांगितलेली योजना पोहोचत नाही. हिंदी किंवा नेपाळी भाषेत, अक्षरे कमी आणि चित्रे जास्त असलेला एक पत्रा केबिनच्या दारावर ठोकला, तर बंदरावरच्या सभेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्रसापांना या योजनेत स्थान नाही. त्यांच्यासाठी जाळे कापावे लागत नाही, त्यामुळे भरपाईचे कारणही नाही. तरीही डेकवर येणाऱ्या सर्व वन्य जीवांत माणसाच्या जिवाला खरा धोका आहे तो यांच्यापासूनच, आणि म्हणून परीक्षणात त्यांना वगळणे मला योग्य वाटत नाही. मालवणच्या परिसरात झालेल्या अभ्यासांत हायड्रोफिस शिस्टोसस आणि हायड्रोफिस कर्टस या दोन जाती जाळ्यांत वारंवार आढळल्या आहेत, दोन्ही विषारी. वल्ह्याच्या पात्यासारखी चपटी शेपटी ही त्यांची सर्वांत सोपी खूण. नवखा माणूस वाम, म्हणजे सापासारखा लांबट मासा, समजून हात घालतो. वामेला कल्ले असतात आणि अंगावर खवले दिसत नाहीत, पण रात्रीच्या ढिगात हे तपासायला वेळ नसतो. त्यामुळे लांबट काही दिसले की हाताऐवजी लांब काठी किंवा आकडी वापरणे आणि त्याला उचलून थेट पाण्यात टाकणे, हाच नियम सर्वांसाठी ठेवावा. समुद्रसाप उगाच अंगावर येत नाही, पण जाळ्यात दाबला गेलेला साप चावू शकतो.

चावा फारसा दुखत नाही, हीच यातली फसवणूक आहे. अर्ध्या तासापासून काही तासांनंतर सर्वांगाचे स्नायू दुखू लागतात, जबडा आवळतो, लघवीचा रंग गडद होतो आणि मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. भारतात मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषासाठी बनवलेली आहे. समुद्रसापाच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे दंश झालेल्या माणसाला हालचाल करू न देता, करकचून दोरी न बांधता, जखम न कापता, नौका ताबडतोब परत फिरवून डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे आणि दंश समुद्रसापाचा आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे एवढेच डेकवरच्यांच्या हाती उरते. जाळे कापण्याचे पैसे देणाऱ्या यंत्रणेने हे चार नियमही त्याच माहितीसोबत दिले असते, तर मी पाव गुण आनंदाने वाढवला असता.

मूळ दुखणे अर्थातच भरपाईने बरे होणारे नाही. कासव जाळ्यातच येऊ नये म्हणून ट्रॉलच्या जाळ्यात बसवायची सुटकेची खिडकी, जिला टेड म्हणतात, ती कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय परिस्थितीसाठी विकसित केलेली आहे. ती वापरात नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने भारतीय समुद्रात पकडलेल्या कोळंबीवर बंदीही घातली. तांडेलांचा आक्षेप असा की खिडकीतून कासवाबरोबर मासळीही जाते. आक्षेप निराधार नाही, पण एका फाटलेल्या जाळ्याच्या आणि वाया गेलेल्या दिवसाच्या तुलनेत त्याचे वजन किती, हे कोणी नाखवाने अजून मांडून दाखवलेले नाही.

ही योजना समुद्रावरच्या प्रसंगांसाठी आहे. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत, खाडीत बांधून ठेवलेल्या किंवा ओढून ठेवलेल्या नौकेत जे जीव शिरतात त्यांच्याशी तिचा संबंध नाही. पावसात कोरड्या जागेच्या शोधात उंदीर येतात, उंदरांमागून धामण येते, आणि कधी जाळ्याच्या ढिगात घोणसही निघते. अशा वेळी वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही १९२६ क्रमांकाची मोफत सेवा उपयोगी पडते, आणि स्थानिक सर्पमित्राचा क्रमांक बंदराच्या कार्यालयात लिहिलेला असणे त्याहूनही. दूरध्वनी करताना नौका कोणत्या खाडीत, कोणत्या जेटीजवळ आणि जमिनीपासून किती आत बांधलेली आहे हे सांगावे, आणि भरती-ओहोटीची वेळही, कारण ओहोटीला चिखलात बसलेल्या नौकेपर्यंत सर्पमित्र चालत पोहोचू शकत नाही आणि होडीही जात नाही.